महाकुमुदिनीच्या दहा बिया, पाण्यासकट

१८ जानेवारी २०२५. पोस्टमनने खोकं हातात दिलं आणि मी ते आधी कानाशी नेलं. आत पाणी डुचमळलं. त्या आवाजानेच माझी अर्धी काळजी मिटली, कारण त्याच्या आदल्या वर्षी आलेलं पाकीट हलवलं तेव्हा आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला होता.

आधी ते खुळखुळ्याचं सांगते. मी प्राथमिक शिक्षिका होते, आता निवृत्त आहे, आणि कुडाळपासून थोड्या अंतरावरच्या आमच्या वाडीत परसातली झाडं हेच माझं दिवसभराचं काम. काही वर्षांपूर्वी कोलकात्याला गेलो तेव्हा हावड्याच्या बोटॅनिक गार्डनमध्ये तो प्रसिद्ध मोठा वड पाहायला म्हणून गेलो होतो. वड पाहिला, पण मन अडकलं ते तिथल्या तळ्यात. जेवणावळीतल्या पराती पाण्यावर मांडून ठेवाव्यात तशी काठ उभारलेली हिरवीगार पानं. जायंट वॉटर लिली, व्हिक्टोरिया. मी तिला महाकुमुदिनी म्हणते. घरी आल्यावर ऑनलाइन शोधलं, पानावर बसलेल्या मुलाचा फोटो असलेली एक जाहिरात सापडली, २० बियांना १९९ रुपये. मागवल्या. पाकिटातून काळ्या, लांबट, दगडासारख्या टणक बिया निघाल्या, कोरड्या ठणठणीत.

त्या रुजल्या, हेही प्रामाणिकपणे सांगते. टोकाला कानस मारून पाण्यात टाकल्या आणि चौथ्या दिवशी कोंब आले. पण पानं मोठी झाली तेव्हा ती पाण्यावर न राहता देठावर उभी राहिली. ते आपलं कमळ होतं. कमळाची बी कोरडी राहू शकते, वर्षानुवर्षं राहू शकते. चीनमध्ये एका आटलेल्या तळ्याच्या गाळातून काढलेली सुमारे १३०० वर्षांची बी रुजवल्याची नोंद आहे. महाकुमुदिनीचं याच्या अगदी उलट. तिची बी बोंडातून सुटते तीच पाण्यात, आणि पाण्याबाहेर राहून वाळली की मेली. म्हणून कोरड्या पाकिटात व्हिक्टोरियाची बी म्हणून जे काही येईल ते एक तर दुसऱ्याच कशाचं तरी असेल, नाहीतर मेलेलं असेल. पैसे परत मागितले, उत्तर आलं नाही. कमळ मात्र अजून आहे, त्याचा काय दोष.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले त्यांच्याविषयी. केरळमधलं एक घरगुती जलवनस्पतींचं दुकान. नवरा-बायको दोघंच चालवतात, घरामागच्या टाक्यांमधून कुमुदिनी आणि कमळाची रोपं विकतात. माझ्या ओळखीच्या एकांनी त्यांच्याकडून कुमुदिनीचे कंद घेतले होते, त्यांनी नंबर दिला. मी व्हॉट्सअॅपवर विचारलं, "व्हिक्टोरियाच्या बिया आहेत का, केवढ्याला?" किंमत सांगण्याऐवजी तिकडून प्रश्न आला: टाकी केवढी आहे? खोली किती? ऊन किती तास? टाकीचा फोटो पाठवा.

आमच्याकडे सुपाऱ्या भिजत घालायची जुनी चिऱ्याची टाकी आहे, आतून गिलावा केलेली, १४ फूट बाय ११ फूट आणि अडीच फूट खोल. पूर्वेला आणि वर मोकळं, पश्चिमेला फणस. फोटो पाहून त्यांनी कळवलं की टाकीत एकच झाड लावा, दोन लावलीत तर दोन्ही उपाशी राहतील, आणि फणसाच्या दोन फांद्या उतरवा. मगच किंमत सांगितली. १० बिया ७५० रुपये, टपालखर्च १२० वेगळा. दुसऱ्याच दिवशी गडी बोलावून फांद्या उतरवल्या. गिऱ्हाइकाला आधी जागा विचारणारा दुकानदार मला आजवर दोनदाच भेटला आहे. दुसरा आमच्याकडे आंब्याची कलमं आणून देणारा.

त्यांच्याकडे दोन प्रकार होते, अमेझोनिका आणि क्रुझियाना. मी हावड्याचं पान डोळ्यांसमोर ठेवून अमेझोनिका मागत होते. त्यांनी क्रुझियाना घ्यायला लावली. हिचं मूळ पॅराग्वे-अर्जेंटिनाच्या बाजूचं, त्यामुळे पाणी थोडं गार झालं तरी ती तग धरते. अमेझोनिकाला सतत ऊब लागते. आमच्या जानेवारीत पहाटे टाकीचं पाणी हाताला चांगलंच गार लागतं, तेव्हा सल्ला योग्यच होता. बोलिव्हियाना आहे का, हेही मी विचारून घेतलं. ही तिसरी जात २०२२ साली लंडनच्या क्यू उद्यानातल्या अभ्यासकांनी वेगळी म्हणून जाहीर केली, आणि तिचा वाळवलेला नमुना त्याआधी १७७ वर्षं त्यांच्याच संग्रहात दुसऱ्या नावाखाली पडून होता. तिचं पान तीन मीटरच्याही पुढे जातं. "आमच्याकडे नाही, आणि कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका," एवढंच उत्तर आलं. नाही ते नाही म्हणून सांगितलं, हे मला आवडलं.

तर खोकं. आत औषधाची असते तेवढी प्लॅस्टिकची बाटली, झाकणावर दोन पदरी टेप, बाहेरून ओलसर शेवाळं आणि वर्तमानपत्र. बाटलीत काठोकाठ पाणी आणि तळाशी दहा बिया. वाटाण्याएवढ्या, गोलसर, काळपट हिरव्या. हातात घेतल्यावर मला मखाणाच आठवला, लाह्या फोडण्याआधीचा. ते काही उगाच नाही. मखाणा हा या महाकुमुदिनीचा सगळ्यात जवळचा नातेवाईक. बिहारच्या मिथिलेतल्या तळ्यांमध्ये मखाण्याचं पान असंच भलंमोठं आणि काटेरी असतं. दक्षिण अमेरिकेत महाकुमुदिनीच्या बियांचंही पीठ करून खातात, म्हणून तिकडच्या स्पॅनिश बोलीत हिला पाण्यातला मका म्हणतात. एकादशीला मी तुपात मखाणे परतते ते आता वेगळ्याच मायेने.

बाटलीबरोबर एक कागद होता. बोंड फुटल्याची तारीख १२ नोव्हेंबर, जात क्रुझियाना, आणि पेरणीच्या सूचना इंग्रजीत आणि मल्याळममध्ये. शाई पाण्याने फुटली होती, तारखेतला महिना मला फोन करून विचारावा लागला.

पेरणीला पेरणी तरी कसं म्हणू! माती लागतच नाही. पसरट काचेचं भांडं, चार बोटं पाणी, आणि ते पाणी ३० अंशांच्या आसपास सतत उबदार. माशांच्या टाकीत लावतात तो ५० वॉटचा हीटर आणि काचेचा थर्मामीटर सावंतवाडीहून आणला. भांडं खिडकीत, आणि संध्याकाळी सहापासून रात्री दहापर्यंत वरून एलईडीची नळी. पाणी रोज बदलायचं, पण बदलायचं पाणीही आधी तेवढंच कोमट करून. हे रोजचं कोमट पाणी करणं मला बाळाच्या आंघोळीसारखं वाटायला लागलं, कोपर बुडवून बघायचे मी.

फोनवर त्यांनी एक गोष्ट समजावली जी कागदावर नव्हती. बीच्या एका टोकाला बारीकसं गोल झाकण असतं. रुजताना कोंब ते ढकलून बाहेर येतो. सुईच्या टोकाने ते झाकण अलगद उचललं तर बी लवकर रुजते, पण आतल्या पांढऱ्या गराला सुई लागली तर सडते. मी पाच बियांची झाकणं उघडली, पाच तशाच ठेवल्या. चष्मा लावून, भिंग घेऊन, आणि तरी पाचव्या बीला हात थरथरलाच.

अकराव्या दिवशी पहिली बी रुजली. उघडलेल्या पाचांतल्या चार रुजल्या, न उघडलेल्या पाचांतल्या तीन, त्याही नंतर आठवडाभराने. उरलेल्या तिघींतली एक पोकळ होती, पहिल्या दिवसापासून वर तरंगत होती. माझी सुई लागलेली सडली. आणि एक कडक राहिली ती शेवटपर्यंत. दहातल्या सात. पोकळ बीचा मी फोटो पाठवला तर न मागता त्यांनी पुढच्या हंगामात एक बदलून देऊ असं कळवलं.

ज्याला हे करायचं आहे त्याने पहिलं पान बघून घाबरू नये. ते पान दिसतच नाही, गवताच्या काडीसारखी एक सुई वर येते. दुसरं पान बाणाच्या टोकासारखं. हे दुसरं पान आणि मुळं दिसली की चहाच्या कपाएवढ्या कुंडीत, चाळलेल्या मातीत लावायचं आणि पुन्हा पाण्यात बुडवून ठेवायचं. पुढची पानं गोलाकार होत जातात, तरंगायला लागतात, आणि मग कधीतरी एखाद्या पानाच्या कडा वर उचललेल्या दिसतात. माझ्या झाडाला पहिला उभा काठ आला तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, पान तेव्हा जेमतेम ताटाएवढं होतं. मी शेजारच्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

मधल्या काळात नुकसान झालं ते गोगलगायींमुळे. टाकीतल्या पाण्याने भांडं भरलं, त्यातून तांदळाच्या कणीएवढी पिल्लं आली आणि एका रात्रीत दोन रोपं साफ केली. तेव्हापासून विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून. एक रोप कुंडी बदलताना मोडलं. राहिली चार. एक टाकीत, एक देवगडला बहिणीच्या शेततळ्यात, दोन माझ्या जुन्या शाळेत.

मातीबद्दल दुकानाच्या कागदावर फक्त "भारी माती" एवढंच होतं, आणि ही मला त्यांची मोठी त्रुटी वाटते. कारण या झाडाचं सगळं पोटावर आहे. मी केलं ते असं: १०० लिटरचा जुना टब, तळाला दोन वर्षांचं कुजलेलं शेणखत, वर कुणग्यातली, म्हणजे भातखाचरातली चिकणमाती, सगळ्यात वर दोन बोटं वाळू म्हणजे पाणी गढूळ होत नाही. ताजं शेण चुकूनही नको, पाणी नासतं. मे महिन्यापासून दर दहा दिवसांनी १५:१५:१५ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं) चिकणमातीच्या गोळ्यात भरून, गोळा उन्हात सुकवून, देठापासून वीतभर लांब मातीत खोल दाबायचा. खत दिल्यानंतरचं पान आणि न दिल्यानंतरचं पान यांत इतका फरक पडतो की मी एकदा विसरले तेव्हा झाडानेच आठवण करून दिली, नवीन पान आधीच्यापेक्षा टीचभर लहान निघालं.

हात घालताना जाडे रबरी हातमोजे लागतात. पानाच्या खाली, देठावर, कळीच्या बुडाशी, सगळीकडे काटे. साधे नाहीत, लिंबाच्या काट्यासारखे. याची सूचना कुठेच नव्हती. माझ्या अंगठ्यात मोडलेला काटा डॉक्टरांनी काढला.

पावसाळ्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. आमच्याकडचा जून-जुलै म्हणजे काय ते कोकणातल्यांना सांगायला नको. उभ्या काठाचं पान म्हणजे भांडंच की, पाणी साचून बुडणार असं मी धरून चालले होते. पण पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन टाकीपाशी उभी राहिले आणि बघत राहिले. पानाच्या काठाला समोरासमोर दोन खाचा असतात, तिथून पाणी ओघळून जातं. शिवाय पानभर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं असतात, त्यांतूनही ते झिरपतं. पाऊस थांबल्यावर दहा मिनिटांत पान कोरडं. मात्र ऊन नसल्यामुळे त्या दोन महिन्यांत पानं तीन फुटांच्या पुढे गेली नाहीत, आणि टाकी भरून वाहू नये म्हणून कोपऱ्यात पाइप काढून द्यावा लागला. नाहीतर गप्पी मासे वाहून जातात आणि मग डास.

ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली आणि झाड सुटलं. सकाळी गुंडाळलेली काटेरी मूठ दिसायची, चार दिवसांत ती परातीएवढी. सगळ्यात मोठं पान मी टेपने मोजलं, ४ फूट २ इंच. पान उलटं करून बघाल तर खाली जाडजूड शिरांचं छपराच्या वाशांसारखं जाळं दिसतं. इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थच्या बागेत तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८४९ मध्ये या वेलीला फुलवलं, आपल्या लहान मुलीला, ॲनीला, पानावर उभं केलं, आणि या शिरांच्या रचनेवरूनच १८५१ च्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसची, म्हणजे काच-लोखंडाच्या भल्यामोठ्या प्रदर्शन-इमारतीची कल्पना घेतली. हे नातवाला सांगितल्याबरोबर त्याची मागणी काय असणार! शेजारच्या काकूही म्हणाल्या, "ह्या पानार झील बसतलो काय गो?" मी नातवाला बसवलं नाही. पण मधल्या पानावर अॅल्युमिनियमची परात ठेवली, म्हणजे भार सगळीकडे सारखा पडतो, आणि त्यात सोललेले नारळ एकेक ठेवत गेलो. नातू मोजत होता. १४ नारळांपर्यंत पान हललं नाही. पंधराव्याला काठ एका बाजूने किंचित कलला, तेव्हा थांबलो.

फूल आलं ते गणपतीत. आमचा पाच दिवसांचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी आरतीला माणसं जमलेली, आणि परसातून वास यायला लागला. पिकल्या अननसासारखा. मला वाटलं प्रसादाला कोणी अननस चिरला. जाऊन बघते तर पांढरंशुभ्र फूल, माझ्या दोन ओंजळींएवढं, उमलत होतं. आरती आटोपून सगळे बॅटऱ्या घेऊन टाकीभोवती. पाकळ्यांच्या आत बोट घातलं तर बाहेरच्या हवेपेक्षा ऊब जाणवते. तिच्या मूळ देशात या वासाला आणि उबेला भुलून भुंगेरे येतात, फूल त्यांना रात्रभर आत कोंडून ठेवतं आणि दुसऱ्या संध्याकाळी परागांनी माखून सोडतं. दुसऱ्या संध्याकाळी तेच फूल गुलाबी झालेलं होतं. आम्ही विसर्जनाला निघालो तेव्हा ते पूर्ण उघडलेलं, आणि सकाळी पाहिलं तर मिटून पाण्यात कलायला लागलेलं.

याही वेळी मी दुकानात फोन केला, फक्त सांगायला. पलीकडे ताई होत्या, त्यांनी नवऱ्याला हाक मारली, दोघांनी व्हिडिओवर फूल पाहिलं. त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा कच्चं आणि माझं त्यांच्यासमोर बरं, पण मुद्द्याचं सगळं कळलं: पहिल्या संध्याकाळी फूल मादी, दुसऱ्या संध्याकाळी नर. आपल्याकडे ते भुंगेरे नाहीत, तेव्हा एक गुलाबी आणि एक नवं पांढरं अशी दोन फुलं एकाच संध्याकाळी मिळाली की मऊ ब्रशने पराग न्यायचे. विकून झालेल्या बियांना आठ महिने झाल्यावर अर्धा तास असा कोण देतो?

किमतीचं म्हणाल तर बियांचे आणि टपालाचे ८७० रुपये, हीटर-थर्मामीटर-दिवा मिळून साधारण १८०० रुपये, आणि खत वगैरे वेगळं. महाग आहे. लहान टाकी असेल, आठ फुटांच्या आतली, तर बिया घेऊच नका, त्यांच्याकडच्या साध्या कुमुदिनीचा कंद घ्या. रोज सकाळी पाणी बदलायला घरात माणूस नसेल तरीही नको. मी त्यांना पाचांपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो मातीची आणि काट्यांची सूचना नसल्याबद्दल, आणि फुटलेल्या शाईबद्दल. हे मी त्यांनाही कळवलं आहे. मागवायच्या असतील तर नोव्हेंबरातच विचारा, ताजी बोंडं तेव्हा फुटतात, आणि जानेवारीनंतर ते स्वतःच बिया द्यायचं थांबवतात.

माझ्या चौथ्या फुलाचं बोंड धरलं. पाण्याखाली ते दीड महिन्याहून जास्त काळ वाढलं, मुठीएवढं, काटेरी. जुन्या मच्छरदाणीची पिशवी शिवून त्यावर आधीच बांधून ठेवली होती, कारण फुटलं की बिया आपल्या स्पंजासारख्या आवरणासकट वर तरंगतात आणि एक-दोन दिवसांत विखरून बुडतात. पिशवीत ९६ निघाल्या. आवरण चोळून काढलं, धुतल्या, तरंगणाऱ्या टाकून दिल्या आणि उरलेल्या लोणच्याच्या तीन बरण्यांत पाणी भरून देवघरामागच्या थंड कोपऱ्यात ठेवल्या आहेत. आठवड्याला पाणी बदलते. प्रत्येक बरणीवर जात आणि बोंड फुटल्याची तारीख लिहिली आहे, पेन्सिलीने.